युरिया

लाल बुचाची नळी खिडकीत उभी ठेवली आहे.
अर्धा तास हलवायची नाही.
रक्त आपलं आपण खाली बसतं,
वर पाणी सुटतं पिवळसर,
मोहफुलं रात्रभर भिजवल्यावर सुटतं तसं.
मला हवं असतं ते एवढंच.

जैवंता कुमरे, वय बावीस, अंगणवाडी मदतनीस,
अडीच महिने.
तिच्या अंगणवाडीतल्या एका पोराच्या अंगावर पुरळ उठलं,
कानामागे गाठी, बारीक ताप,
चौथ्या दिवशी पोरगा परत खिचडीच्या रांगेत.
मधले तीन दिवस तो तिच्याच कडेवर होता.

फॉर्मवर एक रकाना आहे :
पूर्वी रुबेला झाला होता का, लस घेतली होती का.
"मले का मालूम जी," म्हणाली
आणि आईकडे पाहिलं.
आई बराच वेळ भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिली.
"एका साली आलं होतं खरं अंगावर.
पन हिच्या, का लहानीच्या...
दाराले कडुलिंबाची डांग खोचली होती,
घरात फोडणी बंद होती,
इतकंच ध्यानात हाय."
मी लिहिलं : माहीत नाही.
माझ्या रजिस्टरात सगळ्यात जास्त वेळा आलेले शब्द.

"लेकराले का होते जी त्यानं?"
दंडाचा पट्टा सोडत मी म्हणालो,
बहुतेक काही नाही होत.
खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.
मला कुंदाताई दिसत होती,
धानगिरणीच्या पत्र्याला तळहात लावून उभी,
आवाज तिला तिथूनच यायचा.
डाव्या डोळ्यात दुधाचा थेंब सांडल्यागत.
ती पोटात असताना आईच्याही अंगावर आलं होतं,
तीन दिवस.
रोवणीचे दिवस, आई एक दिवसही घरी बसली नाही,
आणि बसून तरी काय झालं असतं.

पहिला अहवाल गडचिरोलीहून आला.
जुनी ओळख : आहे.
नवी लागण : ना हो, ना नाही.
मशीनलाही कधी कधी माझ्यासारखं लिहावं लागतं.

म्हणून दुसरी नळी नागपूरला,
बर्फाच्या डब्यात, सकाळच्या एसटीत,
कंडक्टरच्या पायांशी.
तिला म्हटलं, तुझ्या रक्तातली प्रतिपिंडं
विषाणूला धरून ठेवतात.
तिकडे ती युरियानं धुतात.
महिन्या-दोन महिन्यांची असली तर सुटून जातात,
जुनी असली तर सोडत नाहीत.
ती थांबली.
"धानाले मारते तो युरिया?"
तोच.
"गोनीतला?"
आणि हसली, पंधरा दिवसांत पहिल्यांदा,
ओढणी तोंडात कोंबून.
आई हसली नाही.
"जास्त झाला तं रोप जाळते जी तो."

नऊ दिवस लागले.
तेवढ्यात ती दोनदा येऊन गेली,
एकदा तर नुसतं माठातलं पाणी पिऊन,
काही न विचारता.

कागदावर एक आकडा : अठ्ठ्याहत्तर टक्के.
शंभरातली अठ्ठ्याहत्तर
धुऊनही सुटली नव्हती.
जुनं आहे, मी म्हणालो, फार जुनं,
या पोराचं नाही, तुझ्या पोटातल्याच्याही आधीचं.
तिला कळायला थोडा वेळ लागला.
"म्हंजे तवा मलेच आलं होतं," ती आईला म्हणाली,
भांडण जिंकल्यासारखी.

दोघी पायऱ्या उतरल्या.
आई एकटीच परत आली.
"मंग लहानीले नसंल झालं.
औंदा लगन झालं तिचं, सालेकसाले दिली.
तिचं बी पाहून देता का?"
आणा, म्हटलं. पोट राहायच्या आत आणा.
लस देता येते, मग महिनाभर थांबायचं.
ती बोटांवर काहीतरी मोजत गेली.

संध्याकाळी उरलेल्या नळ्या सेंट्रिफ्यूजला लावल्या.
चालू मशीनच्या झाकणावर हात ठेवू नये,
पाटी मीच लावलेली आहे.
ठेवला.